समोसा आपापला

बोरिवलीहून सुटलेल्या फास्ट लोकलमध्ये सव्वानऊला डब्याचा नूर पालटतो. भजन थांबत नाही, पण टाळ वाजवणाऱ्याचा एक डोळा मोबाइलवर जातो. शेअर बाजार उघडलेला असतो.

या बाजारात उतरणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. आमच्या सोसायटीतले दुसऱ्या मजल्यावरचे काका स्वयंभू. "पोहायला काय क्लास लागतो?" म्हणत यूट्यूब बघून ऑप्शनमध्ये उतरले आणि दिवाळीचा बोनस बँक निफ्टीला वाहून आले. त्यांचा मुलुंडचा भाचा शिस्तीचा, त्याने आधी गुरू केला. शनिवार-रविवार घाटकोपरला एसी हॉल, फीमध्ये चहा-समोसा, हातात रंगीत कॅन्डलची फाइल, भिंतीवर लांबलचक गाडीला टेकलेले गुरुजी. बोनस त्याचाही गेला. पण 'सायकॉलॉजी कच्ची राहिली' एवढं कारण तरी पदरात पडलं. काकांकडे तेही नाही.

बाजाराची नियामक सेबी, तिने २०२४ मध्ये हिशेब मांडला: तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन) खेळलेल्या दर १०० वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ तोट्यात. (गुरुजी उरलेल्या सातांत होते का, हे विचारायचं नसतं. फी आगाऊ, तिला स्टॉपलॉस नाही.) मग जानेवारी २०२५ मध्ये बजावलं, नुसतं शिकवणाऱ्यांनी गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत. भाचा हिरमुसला. काका मात्र खुलले, "तीन महिन्यांपूर्वी काय घ्यायला हवं होतं, ते तर मीही बिनचूक सांगतो!"

रविवारी गच्चीवर त्यांची पहिली बॅच आहे. समोसा आपापला आणायचा.