टीझरनिर्णयसिंधू

पहिल्या टीझरवरून संपूर्ण ॲनिमेशनपटाचा रस निश्चित करण्याच्या विद्येला अद्याप कोणत्याही विद्यापीठाने स्वतंत्र विभाग दिलेला नाही, ही गोष्ट विद्यापीठांच्या मंदगतीला साजेशीच म्हटली पाहिजे. कारण या विद्येचे भाष्यकार, वार्तिककार, खंडन करणारे आणि खंडनाचेही खंडन करणारे आज जगभर पसरलेले असून त्यांच्या लेखनाचा वेग पाहता व्याकरण आणि वेदान्त ही शास्त्रे आळशी वाटू लागतात. मूळ ग्रंथ लिहून होण्यापूर्वीच त्यावरील टीका पूर्ण करण्याचा मान बहुधा याच एका शास्त्राला मिळालेला आहे.

टीझर ही चित्रपटाच्या जाहिरातमालिकेतील पहिली पायरी होय. ट्रेलर साधारणपणे दोन-अडीच मिनिटांचा असतो, प्रदर्शनापूर्वी काही महिने येतो आणि कथेचा सांगाडा थोडाफार उघड करतो. टीझर त्याहून आखूड आणि अनेकदा वर्षभर आधी येणारा असल्याने त्यात कथा जवळजवळ नसतेच, एखादे पात्र असते, चित्रपटाचे नाव असते आणि शेवटी एखादा ऋतू किंवा वर्ष असते. एवढ्या सामग्रीवरून चित्रपट हलकाफुलका आहे की गंभीर, तो मुलांसाठी आहे की मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांना रडवण्यासाठी, याचा निर्णय भाष्यकार त्याच दुपारी देऊन टाकतात. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी तेहतीस व्यभिचारी भाव, म्हणजे क्षणभर येऊन जाणारे भाव, वेगळे मोजले आणि स्थायी भाव वेगळे ठेवले. त्यामागची समजूत अशी की हर्ष, शंका, गर्व हे येतात नि जातात, टिकून राहतो तो स्थायी, आणि तो टिकला की नाही हे कळण्यासाठी नाटक शेवटपर्यंत पाहावे लागते. टीझरशास्त्राने यातील शेवटची अट काढून टाकली आहे.

या शास्त्राची मुख्य भिस्त अनुमानावर आहे. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांच्या, मते धूर दिसला की डोंगरावर अग्नी आहे असे म्हणता येते, कारण जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी हा अढळ संबंध, ज्याला ते व्याप्ती म्हणतात, आधी स्वयंपाकघरात पाहून सिद्ध झालेला असतो. टीझरशास्त्राला असे स्वयंपाकघर लाभलेले नाही, पण व्याप्तींची मात्र त्याच्याकडे रेलचेल आहे. जेथे जुने गाणे संथ करून वाजवले, तेथे कोणीतरी मरणार. जेथे पात्राने एक भुवई वर केली, तेथे विनोद पाणचट निघणार. जेथे पडदा दोन सेकंद काळा राहिला, तेथे स्टुडिओ प्रौढ झाला. आणि जेथे लहानसा गोंडस प्राणी दिसला, तेथे खेळण्यांचे दुकान आलेच. यांपैकी शेवटची व्याप्ती निर्दोष असावी.

या शास्त्राचा सर्वांत बोधप्रद पराभव डिस्नेच्या ‘फ्रोझन’ने केला. जून २०१३ मध्ये आलेल्या त्याच्या टीझरमध्ये ओलाफ नावाचा बर्फाचा बाहुला फूल हुंगून शिंकतो, त्याचे गाजराचे नाक उडून गोठलेल्या तळ्यावर पडते आणि स्वेन नावाचे रेनडिअर, म्हणजे थंड प्रदेशातील मोठ्या शिंगांचे हरीण, ते खाण्याच्या आशेने बर्फावरून घसरत सुटते. दोघे आपटतात, सरपटतात, नाक अखेर हरणाच्या तोंडी लागते आणि ते इमानाने परत आणून देते. त्यात एल्सा आणि ॲना या नायिका नाहीत, राज्य नाही, एकही गाणे नाही. या धुरावरून काढता येण्याजोगा अग्नी एकच होता, तो म्हणजे बर्फावर घसरून पडणाऱ्या प्राण्यांचा दीड तासांचा विनोद. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये प्रत्यक्षात आली ती दोन बहिणींची गोष्ट, जिच्यात आईवडील समुद्रात बुडतात, थोरली बहीण एल्सा स्वतःच्याच हातांच्या धास्तीने वर्षानुवर्षे बंद दाराआड राहते, आणि जी जगभरात १०० कोटी डॉलरहून अधिक कमाई करून सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपट व सर्वोत्कृष्ट गीत अशी दोन ऑस्कर पारितोषिके घेऊन गेली. टीझरमधला प्रसंग चित्रपटात नाहीच. गाजर आहे, हरीण आहे. तळ्यावरचे ते भांडण नाही.

टीझर लबाड असतो असे म्हणून विषय मिटवणे सोपे असले तरी ते अन्यायाचे होईल, कारण दोष बराचसा कामाच्या क्रमाचा आहे. माणसांना घेऊन केलेल्या चित्रपटात चित्रीकरण संपताच संकलकाच्या हाती कित्येक तासांचे चित्रण असते आणि त्यातून हवे ते वेचे काढता येतात. ॲनिमेशनपटात असे वेचण्याजोगे काही पडून राहिलेले नसते. तेथे आधी स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची ओळीने काढलेली कच्ची चित्रे, तयार होतात. ती तात्पुरत्या आवाजांसह जोडून स्टुडिओतल्याच लोकांना दाखवली जातात, नावे ठेवून घेतली जातात, फाडली जातात आणि पुन्हा काढली जातात, आणि हा प्रकार काही वर्षे चालतो. मग पात्रांचे देह, त्या देहांच्या आत हालचालीसाठी बसवलेले अदृश्य सांगाडे, अभिनय, प्रकाशयोजना असे टप्पे येतात, आणि सर्वांत शेवटी रेंडरिंग, म्हणजे प्रत्येक चौकटीतील उजेड, सावली, केस नि कापड यांचा हिशेब करून संगणकाने काढलेले अंतिम चित्र; सेकंदाला २४ चौकटी या मानाने नव्वद सेकंदांसाठी अशी २,१६० चित्रे लागतात. प्रदर्शनाच्या कितीतरी आधी जाहिरात विभाग दारात येऊन उभा राहतो तेव्हा पूर्ण झालेली दृश्ये मोजकी असतात, आणि त्यांतलीही काही कथानकाचे गुपित फोडणारी असल्याने दाखवता येत नाहीत. अशा वेळी तयार असलेली एक-दोन पात्रे उचलून त्यांच्यासाठी एक स्वतंत्र प्रसंग रचण्याची सोय शोधली जाते. शितावरून भाताची परीक्षा करणे मराठी घरात केव्हाही मान्य आहे. मात्र ते शीत त्याच पातेल्यातले असावे, अशी एक अट त्यात न बोलता धरलेली असते. टीझरचे शीत पुष्कळदा वेगळ्या चुलीवर, वेगळ्या आचाऱ्याने, आणि पातेल्यातला तांदूळ अजून निवडला जात असताना शिजवलेले असते.

तांदूळ निवडला जात असतो, हे केवळ अलंकारिक विधान नव्हे. ‘फ्रोझन’मधील एल्सा बराच काळ खलनायिका म्हणून लिहिली जात होती, आणि तिच्या तोंडी घातलेल्या ‘लेट इट गो’ या गाण्याने तिचा स्वभावच बदलल्यामुळे कथा पुन्हा लिहावी लागली. याहून मोठा प्रकार डिस्नेमध्येच आधी घडला होता. ‘द लायन किंग’च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक असलेले रॉजर ॲलर्स यांनी इंका संस्कृतीच्या पार्श्वभूमीवर ‘किंगडम ऑफ द सन’ नावाचा भव्य, गंभीर संगीतपट काही वर्षे रचला, स्टिंगसारख्या नामवंत गायकाकडून त्यासाठी गाणी करून घेतली गेली, आणि मग १९९८ मध्ये काम थांबवून, ॲलर्स बाहेर पडल्यावर, मार्क डिंडल यांच्या हातून त्याच सामग्रीतून एका गर्विष्ठ सम्राटाचा लामा नावाचा प्राणी होण्याची धमाल करण्यात आली. २००० साली ती ‘द एम्परर्स न्यू ग्रूव्ह’ या नावाने आली. ज्या चित्रपटाचा करुण की हास्य हा प्रश्न त्याच्या निर्मात्यांना कामाच्या मध्यावर सोडवता येत नव्हता, त्याचे उत्तर एखाद्या भाष्यकाराने नव्वद सेकंदांत दिले असते, तर डिस्नेने त्याला नोकरीवर ठेवून बराच खर्च वाचवला असता.

‘द इन्क्रेडिबल्स’चे उदाहरण थोडक्यात आटोपते. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’सोबत दाखवलेल्या त्याच्या टीझरमध्ये पोट सुटलेला एक महानायक कमरेचा पट्टा लावण्यासाठी झटतो, एवढेच घडते. पुढल्या वर्षी आलेल्या ब्रॅड बर्ड यांच्या चित्रपटात पट्ट्याची ती झटापट नव्हती, मात्र एकामागून एक ठार मारले गेलेले महानायक होते.

गंभीराचे अनुमान विनोदाच्या अनुमानाइतकेच फसते, हे दाखवण्याचे श्रेय ‘कार्स ३’ला द्यावे लागेल. नोव्हेंबर २०१६ मधील त्याच्या टीझरमध्ये लायटनिंग मॅक्वीन ही लाल शर्यतगाडी संथगतीने हवेत उलटते, ठिणग्या उडतात, पत्रा फाटतो, आणि आता सारे बदलणार असे अक्षरांतून बजावले जाते. ज्या मुलांच्या चादरीवर, डब्यावर आणि वाढदिवसाच्या केकवर ती गाडी हसत होती त्यांच्या पालकांनी हे पाहून धास्ती घेतली, तर भाष्यकारांनी पिक्सार या स्टुडिओच्या काळोख्या पर्वाची घोषणा केली. जून २०१७ मध्ये आलेला चित्रपट वय झालेल्या खेळाडूने नव्या पिढीला हात द्यावा अशा आशयाचा, सौम्य, आणि अमेरिकेत ‘जी’, म्हणजे सर्व वयांसाठी योग्य, असे प्रमाणपत्र मिळालेला निघाला. अपघात त्यात होता. काळोख मात्र टीझरपुरताच होता.

तरीही या शास्त्राची खरी सत्त्वपरीक्षा ‘टॉय स्टोरी ४’ने घेतली. १२ नोव्हेंबर २०१८ रोजी आलेल्या पहिल्या टीझरमध्ये जुनी खेळणी हात धरून गोल फिरतात, मागे जूडी कॉलिन्स यांच्या आवाजातील जुने, उदासीची छटा असलेले गाणे वाजते, आणि मध्येच फोर्की हा टाकाऊ चमच्याचा बाहुला आपण खेळणे नसल्याचे ओरडून वर्तुळ मोडतो. संथ जुने गाणे म्हणजे मरण, या व्याप्तीनुसार शोकसभा भरवण्यात आल्या. लगेच दुसऱ्या दिवशी त्याच चित्रपटाचा दुसरा टीझर आला, ज्यात जत्रेतल्या खेळाच्या भिंतीवर टांगलेली दोन मऊ खेळणी पहिल्या चित्रपटातल्या संवादाची टवाळी करीत बसतात. एकाच पक्षावर, म्हणजे अनुमानाच्या विषयावर, दोन परस्परविरुद्ध हेतू, म्हणजे कारणे, सारख्याच बळाने उभे राहिले, तर न्यायशास्त्र त्याला सत्प्रतिपक्ष नावाचा हेत्वाभास, म्हणजे कारणासारखे दिसणारे पण कारण नसलेले कारण, मानते आणि अनुमान सोडून देण्याचा सल्ला देते. टीझरशास्त्राने सल्ला मानला नाही. त्याने हसू आणि आसू यांचा समन्वय करून तिसरा पंथ काढला, आणि या पंथाचे भविष्य कोणत्याही चित्रपटाबाबत खरेच ठरत असल्याने त्याचे अनुयायी आज सर्वाधिक आहेत.

अपवाद म्हणून ‘द लायन किंग’चे नाव घेतलेच पाहिजे. नोव्हेंबर १९९३ मध्ये डिस्नेने कापाकापी, निवेदन वा विनोद यांपैकी काहीही न करता त्या चित्रपटाचे संपूर्ण सुरुवातीचे गीत, आफ्रिकेतील सूर्योदयापासून कड्यावर उचलून धरलेल्या छाव्यापर्यंत, जसेच्या तसे दाखवले, आणि जून १९९४ मध्ये प्रेक्षकांना तेच, त्याच जागी, त्याच सुरात पाहायला मिळाले. शीत पातेल्यातलेच होते. भाष्यकारांना करण्याजोगे त्यात फारसे काही उरत नव्हते, आणि हा प्रयोग नेहमीचा न होण्यामागे त्यांची गैरसोय हे कारण नसले तरी शोभले असते.

अलीकडे शास्त्राने अनुमान सोडून थेट हस्तक्षेपाची वाट धरली आहे. २०१९ साली ‘सॉनिक द हेजहॉग’ या माणसे आणि संगणकचित्रे एकत्र आणणाऱ्या चित्रपटाच्या ट्रेलरमधील निळ्या हेजहॉगचे, म्हणजे लहानशा काटेरी प्राण्याचे, माणसासारखे दात पाहून एवढा आरडाओरडा झाला की दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी त्याचे रूप बदलण्याचे जाहीर केले आणि प्रदर्शन नोव्हेंबरवरून फेब्रुवारी २०२० वर गेले. तेव्हापासून प्रत्येक टीझर म्हणजे हरकती व सूचनांसाठी लावलेला मसुदा, अशी समजूत दृढ झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘श्रेक ५’च्या अर्ध्या मिनिटाच्या झलकेत जादूचा आरसा, गाढव आणि श्रेकची मुलगी दिसताच श्रेकचा चेहरा पूर्वीचा राहिला नाही, यावर आक्षेपांचा पाऊस पडला आणि त्या चेहऱ्यावरूनच चित्रपटाचा आत्मा हरपल्याचे अनुमानही निघाले. डिसेंबर २०२६ चे चित्रपटाचे प्रदर्शन पुढे ३० जून २०२७ वर गेले, तेव्हा या लांबणीचे श्रेय कोणी घ्यावे यावरही मतभेद झाले.

या सर्व व्यापाराला एकाच माणसाने शांतपणे उत्तर दिले, ते म्हणजे स्टुडिओ जिब्लीचे निर्माते तोशिओ सुझुकी. हायाओ मियाझाकी यांचा, जगात ‘द बॉय अँड द हेरॉन’ म्हणून ओळखला जाणारा चित्रपट १४ जुलै २०२३ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्याचा टीझर नव्हता, ट्रेलर नव्हता, जाहिरातही नव्हती. पक्ष्याचे रेखाटन असलेले एकच भित्तिपत्रक होते. युद्धकाळात आई गमावलेल्या मुलाची ती गोष्ट आहे हे लोकांना तिकीट काढून कळले, आणि मार्च २०२४ मध्ये तिला ऑस्करही मिळाले. अमेरिकी वितरकाला एवढा धीर धरवला नाही. त्याने सप्टेंबर २०२३ मध्ये टीझर काढला, आणि शास्त्राचा खंडित झालेला योगक्षेम पुन्हा सुरू झाला.

ज्या वाचकांनी ‘श्रेक ५’चा रस आधीच निश्चित केला असेल त्यांनी आपला निर्णय कागदावर लिहून, खाली तारीख घालून, सही करून ठेवावा आणि पुढील टीझर आल्यावर त्यात दुरुस्ती करू नये.