‘द’ लावलेली माणसं

जानेवारी २०२३ मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेच्या भाषा-मार्गदर्शकाने ट्विटरवरून बातमीदारांना एक सल्ला दिला. माणसांच्या गटाला ‘द’ लावून सरसकट एकच नाव देऊ नका, त्यात माणसाचं माणूसपण हरवतं. सल्ला चांगलाच होता, घोटाळा केला तो उदाहरणांनी. ‘द पुअर’, ‘द मेंटली इल’, ‘द डिसेबल्ड’ यांच्या पंगतीत, कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं कोण जाणे, ‘द फ्रेंच’ही येऊन बसले होते. गरीब, मनोरुग्ण, अपंग आणि फ्रेंच! फ्रेंच असणं ही एक दुखणाईत अवस्था आहे आणि तिच्याबद्दल जपून बोलावं, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता आणि लोकांनी तो मोठ्या आनंदाने काढला. अमेरिकेतल्या फ्रेंच दूतावासाने तर आपलं नाव बदलून ‘एम्बसी ऑफ फ्रेंचनेस’ केल्याचं गमतीगमतीत दाखवून टाकलं. वृत्तसंस्थेने ते ट्वीट काढलं, दिलगिरी व्यक्त केली आणि विषय मिटला.

मला मात्र तो मिटू नये असं वाटत राहिलं. कारण ‘द’बद्दल कुणीतरी काहीतरी कामाचं बोलायला लागलं होतं. मराठी माणसाचं आणि ‘द’चं कधी फारसं जमलेलं नाही. गंगेला ‘द’ लावायचा, एव्हरेस्टला नाही. पण हिमालयाला पुन्हा लावायचा. सूर्याला लावायचा, शुक्राला नाही. हे सगळं आपण पाढ्यांसारखं पाठ केलं, पेपरात गाळलेल्या जागा भरल्या आणि सुटलो. नद्या आणि डोंगर यांच्यापुढे जाऊन हा ‘द’ माणसांचं काय करतो, हे काही त्या गाळलेल्या जागांत नव्हतं.

तो एक अजब काम करतो. ‘पुअर’ हे इंग्रजीत साधं विशेषण. त्याच्यामागे ‘द’ उभा राहिला की जगातले समस्त गरीब एका झटक्यात गोळा होतात. क्रियापदही लगेच अनेकवचनी होतं. पण त्या गर्दीतून एका गरिबाला बाहेर काढायचं म्हटलं तर निघत नाही. ‘अ पुअर’ असं काही इंग्रजीत चालत नाही. त्याच्या मदतीला ‘मॅन’ नाहीतर ‘पर्सन’ पाठवावा लागतो, तेव्हा कुठे तो एकटा दिसू लागतो. म्हणजे माणूसपण हरवतं ही तक्रार निव्वळ भावनेची नव्हती, व्याकरणातच त्याची सोय होती. आपल्याकडे विशेषणं अशी कळपाने राहत नाहीत, एकटीदुकटी हिंडतात. ‘दारात एक आंधळा उभा आहे’ म्हणायला आपल्याला कुणाची मदत लागत नाही. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ यातला शहाणा एकटाच असतो आणि मार त्यालाच बसतो. इंग्रजांकडेही याच्या जवळची म्हण आहे, पण त्यांचा तो शब्द ‘द वाइज’कडे, म्हणजे शहाण्यांच्या अख्ख्या जमातीकडे जातो. एवढ्या लोकांत वाटला गेल्यावर तो कितीसा लागणार!

फ्रेंचांची अडचणही याच जातीची. जर्मन, इटालियन, इंडियन यांना शेवटी ‘स’ लागतो आणि ते सुखाने अनेक होतात. एक हवा असेल तर ‘स’ काढला की झालं. पण ‘श’ आणि ‘च’ यांवर संपणारे लोक, म्हणजे फ्रेंच, डच, आयरिश, वेल्श, हे ‘द’शिवाय जमतच नाहीत, आणि त्यातल्या एकट्यादुकट्याला ‘मॅन’ची शेपटी लावूनच हिंडावं लागतं. मौज म्हणजे ज्यांनी हा नियम जगाला शिकवला ते इंग्रज स्वतःही याच यादीत आहेत. ‘द इंग्लिश’ सगळे मिळून असतात; एकटा ‘इंग्लिश’ माणूस त्यांच्या व्याकरणात जन्मालाच आलेला नाही.

बरं, ‘स’ लागणाऱ्यांची तरी ‘द’पासून सुटका आहे का? एरिक ॲक्टन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने २०१९ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला फार आवडतो. ‘डेमोक्रॅट्स’ म्हणणं आणि ‘द डेमोक्रॅट्स’ म्हणणं यांत काय फरक पडतो, हे त्याने अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या भाषणांत शोधलं. सभासद समोरच्या पक्षाचं नाव घेताना ‘द’ जास्त लावतात, स्वतःच्या पक्षाचं घेताना कमी, असं निघालं. ‘द’ लावला की तो गट एका गाठोड्यात बांधला जातो, आणि गाठोडं बांधणारा अर्थातच गाठोड्याबाहेर असतो. शिवी नाही, टीका नाही, आवाजही चढवलेला नाही. नुसता एक अक्षराचा शब्द. इतक्या स्वस्तात इतका दुरावा विकत घेता येतो हे आपल्या आमदारांना कळलं, तर सभागृहाचा बराच वेळ वाचेल.

आडनावाला ‘द’ लावण्याची रीत त्यातल्या त्यात प्रेमळ. ‘द जोन्सेस’ म्हणजे जोन्स आणि घरची मंडळी. पण तिथेही हे लोक कायम भिंतीपलीकडचेच. पॉप मोमंड या चित्रकाराने १९१३ मध्ये अमेरिकन वर्तमानपत्रांत एक चित्रमालिका सुरू केली. तिच्यातलं कुटुंब शेजारच्या जोन्स मंडळींशी बरोबरी करता करता मेटाकुटीला येतं, आणि हे जोन्स मालिकेत कधी दिसतच नाहीत. मला हे अगदी पटतं. ज्यांच्यामुळे आपल्या घरात नवा सोफा येतो त्या शेजाऱ्यांना चेहरा असून चालत नाही.

जमाव एक की अनेक, हेही इंग्रजीत अजून पुरतं ठरलेलं नाही. आपल्याला हे क्रिकेटमुळे ठाऊक आहे, फक्त आपण कधी लक्ष दिलं नाही. शाळेच्या प्रार्थनेला उभं राहून ‘इंडिया इज माय कंट्री’ म्हणणारं पोरगं संध्याकाळी टीव्हीसमोर बसतं, तेव्हा समालोचक ‘इंडिया आर’ म्हणत असतो. सकाळी देश एक होता, संध्याकाळी अकरा झाला. ब्रिटिश इंग्रजीत हे राजरोस चालतं: संघ, समिती, सरकार यांच्यात माणसं दिसली तर ‘आर’, नुसती पाटी दिसली तर ‘इज’. अमेरिकन लोक बहुधा ‘इज’ला चिकटून असतात. मराठी समालोचक तेवढा हुशार. तो ‘पाच बाद दोनशे चाळीस’ म्हणतो आणि क्रियापदाच्या भानगडीतच पडत नाही.

पण त्या ‘इज’वाल्या अमेरिकेचीही एक जुनी गंमत आहे. गुलामगिरी संपवणारी त्यांची तेरावी घटनादुरुस्ती १८६५ ची. तिच्यात युनायटेड स्टेट्सचा उल्लेख अनेकवचनी सर्वनामाने केला आहे: ‘त्यांच्या’ अधिकारक्षेत्रात, असा. राज्यं म्हणजे राज्यं, ती अनेकच असणार. पुढे यादवीची जखम भरत गेली तशी ती राज्यं व्याकरणातही हळूहळू एक झाली आणि आज कुणी युनायटेड स्टेट्सला ‘आर’ म्हणालं तर शिक्षक लाल रेघ ओढेल. नावातला ‘स’ मात्र तसाच राहिला. जुन्या वाड्याची वाटणी मिटल्यावरही दारावर सगळ्या भावांच्या पाट्या राहाव्यात, तसा.

गटाला नाव देण्याचा इंग्रजांचा खरा उत्साह पाहायचा तर १४८६ साली सेंट ऑल्बन्स इथे छापलेलं शिकारीवरचं पुस्तक काढावं. त्यात समूहांच्या नावांची लांबलचक यादी आहे. सिंहांचा ‘प्राइड’ तिथे आहे, आणि प्राण्यांवरून घसरून ती यादी माणसांवर कधी येते कळतही नाही. नन्सच्या समूहाला तिथे ‘सुपरफ्लुइटी’ म्हटलं आहे. मराठीत ‘भाऊगर्दी’ म्हणावं तर नन्सना ती कशी म्हणणार! लग्नाच्या बायकांच्या घोळक्याला दिलेलं नाव तर त्यांच्या अधीरपणावरून काढलेलं आहे. यादी रचणाऱ्याने कुठल्या बायकांना किती वेळ ताटकळत ठेवलं होतं, ते मात्र लिहिलेलं नाही. या नावांपैकी मोजकीच बोलण्यात उरली, बाकीची प्रश्नमंजूषेच्या कामाची. आपल्याकडेही ‘उतारूंची झुंबड’ आहेच की. ती मी शाळेच्या पुस्तकात पाठ केली. दादरच्या पुलावर रोज पाहतो तिला मात्र कुणी झुंबड म्हणत नाही. जे म्हणतात ते इथे छापता येणार नाही.

‘द’ नाही म्हणून आपण फार सरळ आहोत असं समजायचं कारण नाही. आपल्याला दुरावा दाखवायला ‘ते’ पुरतो. ‘पुणेकर’ म्हटलं तर नुसते पुणेकर. ‘ते पुणेकर’ म्हटलं की ऐकणारा सावरून बसतो. शिवाय इंग्रजीला जे एका ‘वुई’त भागवावं लागतं, त्यासाठी आपल्याकडे दोन शब्द आहेत. ‘आपण’मध्ये ऐकणारा आत असतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर. इंग्रज बिचारा ‘वुई आर गोइंग टु लंच’ म्हणतो आणि समोरच्याला कळत नाही की उठायचं की बसून राहायचं. मराठीत हा घोळ होत नाही. ऑगस्टमध्ये पावतीपुस्तक घेऊन दारात आलेली पोरं ‘काका, आपलं मंडळ आहे’ म्हणतात, तेव्हा काका आत असतात. गणपती बसल्यावर काका रात्री खाली उतरून ‘जरा आवाज कमी करा रे’ म्हणतात, तेव्हा तीच पोरं अदबीने सांगतात, ‘काका, आमच्या मंडळाकडे परवानगी आहे.’