तीनचं दोन करून पाहिलं

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर अंथरलं गेलं आणि गिनीजच्या पुस्तकात वऱ्हाडाचं नाव लागलं. या रस्त्याच्या अमरावतीच्या टोकाला माझा भाचा इंजिनिअरिंग शिकतो आणि अकोल्याच्या टोकाला मी पोरांना लिनक्स शिकवतो. त्याने पाठवलेलं अर्ध्या मिनिटाचं टर्मिनलचं रेकॉर्डिंग मला नोट्समध्ये हलतं चित्र म्हणून लावायचं होतं. या कामाचा वेग पाहता गिनीजवाले आमच्याकडे फिरकले नाहीत हेच बरं.

व्हिडिओ मला नकोच होता. तो मोठा केला की अक्षरं फाटतात. मला हवं होतं एसव्हीजी : हे चित्र कितीही ताणा, धार जात नाही. मागच्या बाकावरच्याला 'सर, दिसत नाही' म्हणायची सोय राहत नाही.

रेकॉर्डिंग ॲस्किनेमा नावाच्या प्रोग्रामवर केलेलं. हा प्रोग्राम पडद्याचे फोटो काढतच नाही. लग्नात आहेर लिहायला बसलेल्या काकांच्या वहीसारखी त्याची फाईल असते. पहिल्या ओळीत मुख्य माहिती : आवृत्ती, रुंदी, उंची. पुढे एकेक नोंद : कितव्या सेकंदाला, पडद्यावर काय उमटलं. ती वही वाचून चित्र काढायचं काम दुसऱ्या अवजाराचं, आणि माझं ते अवजार जुनं.

"मामा, झालं का?"

"काय होते बाप्पा! फाईलच कयत नाही म्हणते."

"तुमचं मशीनच जुनं हाये, मामा."

अकोल्याच्या कोणत्याही वस्तूबद्दल अमरावतीकराचं हे मत तयारच असतं. पण मी फाईल साध्या एडिटरमध्ये उघडली. पहिल्याच ओळीत आवृत्तीपुढे ३ होता. २०२५ साली आलेला ॲस्किनेमा ३.० न सांगता याच नव्या पद्धतीने लिहितो, आणि माझ्या अवजाराला दोनच्या पुढे मोजता येत नाही.

"एकच तं आकडा हाये, मामा. तीनचं दोन करून टाका न!"

तसं त्याने स्वतःच करून पाठवलं. आता अवजाराला रुंदी-उंची सापडेना, कारण नव्या पद्धतीत त्या दोघी वेगळ्या नावांनी आतल्या कप्प्यात जाऊन बसल्यात. भाच्याने ८० रकाने, २४ ओळी हाताने घुसवल्या. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलचंही हेच माप. चित्र निघालं! पण अर्ध्या मिनिटाचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत संपलं. दुसऱ्या आवृत्तीत वेळ सुरुवातीपासून मोजतात, तिसरीत मागच्या नोंदीपासून. ०.२, ०.४, ०.१ ही अंतरं अवजाराने घड्याळातली वेळ मानली आणि सगळा आहेर मंगलाष्टकांआधीच उरकून टाकला.

शेवटी ॲस्किनेमाच्याच कन्व्हर्ट आज्ञेला सांगितलं, बाई, तूच दुसऱ्या आवृत्तीत करून दे. तिने निमूटपणे करून दिलं.

मग निघालं मराठी. भाच्याने कौतुकाने सुरुवातीलाच 'विद्यार्थी मित्रांनो' छापलं होतं. टर्मिनल म्हणजे सारख्या मापाच्या चौकोनांचा कागद. 'विद्यार्थी' या शब्दात संगणकाच्या हिशेबाने दहा चिन्हं : व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, पुन्हा हलन्त, थ, वेलांटी. यातल्या कुणाला स्वतंत्र चौकोन द्यायचा आणि कुणी शेजाऱ्याच्यात भागवायचं, यावर टर्मिनल-टर्मिनलांत मतभेद. रेकॉर्ड करणाऱ्याने एक हिशेब धरला, चित्र काढणाऱ्याने दुसरा. कर्सर 'विद्या'पाशीच थांबला आणि 'र्थी' त्याच्या अंगावरून पुढे गेली. वर फॉन्टची तऱ्हा. एसव्हीजी वेबपानात साधं चित्र म्हणून लावलं की ते बाहेरचा फॉन्ट आणू शकत नाही, समोरच्याच्या मशीनवर असेल त्यात भागवतं. माझ्या लॅपटॉपवर एक ध्यान, भाच्याच्या फोनवर दुसरं.

तेव्हा या वाटेने जाणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. फाईल रुसली की आधी तिची पहिली ओळ वाचा. आकडा हाताने बदलू नका; रेकॉर्ड करतानाच दुसरी आवृत्ती मागून घ्या. टर्मिनलात रोमन लिहा, मराठी चित्राखाली लिहा. आणि भाच्याचं मशीन कितीही नवं असो, आवृत्ती विचारल्याशिवाय त्याची फाईल घेऊ नका.