तो शर्ट धुतलेला होता का?

"काकू, काल रात्री कोपऱ्यावरच्या घरातला आवाज आला का तुमच्यापर्यंत?"

"आला तर! पण सगळं इंग्रजीतून, आणि तेही रागाचं इंग्रजी. मला 'डॉलर' तेवढं कळलं. म्हणून तर सकाळपासून या कुंपणाशी मेथीचा वाफा उकरत बसलेय. बोल पटकन. लेक मीटिंगमध्ये आहे, सुटला की चहा मागेल."

"अहो, त्याने एक कार्ड घेतलं. बेसबॉलच्या खेळाडूचं चित्र असलेलं, पत्त्यापेक्षा जरासं मोठं. हँक ॲरन म्हणून मोठा खेळाडू होऊन गेला, त्याचं पहिलंवहिलं, 1954 सालचं. बायकोला सांगितलं, शंभरेक डॉलर पडले. आणि काल तिने बँकेचे कागद पाहिले तर चार हजार रोख काढलेले."

"चार हजार! म्हणजे साडेतीन लाख रुपये झाले की गं. पुठ्ठ्याला?"

"पुठ्ठ्यालाच. आणि खरं सांगू, त्याने स्वस्तात भागवलं. 2022 च्या ऑगस्टमध्ये मिकी मँटलचं 1952 सालचं कार्ड लिलावात गेलं ते 1 कोटी 26 लाख डॉलरना. तेव्हाच्या भावाने शंभर कोटी रुपये. विकणाऱ्याने 1991 मध्ये ते 50 हजारांना घेतलं होतं."

"सोन्याचा मुलामा होता का त्याला?"

"साधी छपाई हो. टॉप्स कंपनी च्युइंगमच्या पाकिटातून ही कार्डं द्यायची, पोरांनी गम घ्यावा म्हणून. मँटलचं कार्ड त्या साली उशिरा बाजारात आलं. तोवर बेसबॉलचा मोसम संपत आलेला, पोरं फुटबॉलच्या मागे लागलेली. माल गोदामात पडून राहिला. पुढे जत्रांमधून कवडीमोलाने खपवायचा प्रयत्न केला, तरी कोणी घेईना. शेवटी 1960 मध्ये साय बर्गरने, म्हणजे ज्याने ती कार्डं रचली होती त्यानेच, पेट्याच्या पेट्या बार्जवर चढवल्या आणि समुद्रात नेऊन बुडवल्या. कुठे? इथेच, आपल्या न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे."

"अगं बाई! शनिवारी लेक किनाऱ्यावरच नेणार आहे."

"आता लगदासुद्धा मिळायचा नाही, काकू. आणि जी खपली होती त्यांतली कितीतरी पोरांनी सायकलच्या तारांत अडकवली, चाक फिरलं की फटफट आवाज व्हावा म्हणून. उरलेली आयांनी टाकली. पोरगा कॉलेजला नाहीतर सैन्यात गेला की खोली साफ! इथल्या म्हाताऱ्यांचं ठरलेलं रडगाणं आहे, आईने फेकली नसती तर आज मी कुठल्या कुठे असतो."

"वा रे वा! सगळ्या आयांनी जपून ठेवली असती तर कोणी दमडी तरी दिली असती का? भाव आला तो आयांच्या केरसुणीमुळे. आमच्याकडे त्या बिग फन बबलगमबरोबर मिळायची ती क्रिकेटवाल्यांची चित्रं होती, डबाभर. दिवाळीच्या साफसफाईत काढली, तर लेक अजून ऐकवतो. आज सांगतेच त्याला."

"सांगा, सांगा. तुमचं म्हणणं इथे सिद्ध झालंय. ऐंशीच्या दशकात सगळ्यांनाच कळलं, की जुन्या कार्डांना पैसा येतो. मग आई-बापच पेट्या आणून न फोडता माळ्यावर ठेवायला लागले, आणि कंपन्यांनी छापली ती बेसुमार. त्या वर्षांतली बहुतेक कार्डं आज कोणी फुकट घेत नाही."

"घ्या!"

"पण सगळ्यात मोठं नाट्य होनस वॅगनरच्या कार्डाचं. 1909 च्या सुमाराचं, सिगारेटच्या पाकिटातलं. वॅगनरने छपाई थांबवायला लावली. कोणी म्हणतं, पोरांनी चित्रासाठी सिगारेटी घेऊ नयेत म्हणून. कोणी म्हणतं, कंपनीने पैसे दिले नाहीत म्हणून."

"दुसरं खरं असणार. पहिलं सांगायला बरं."

"काही का असेना, जेमतेम साठेक उरलीत. 2022 मध्ये एक गेलं 72 लाख 50 हजार डॉलरना, आणि त्याला दहापैकी गुण किती? दोन!"

"दोन गुणांत एवढे पैसे? आमच्या वेळी दोन गुणांत छडी मिळायची."

"सगळ्यात देखणं वॅगनर वेगळंच. ते 1991 मध्ये हॉकीवाल्या वेन ग्रेट्झ्कीने भागीदारीत घेतलं, साडेचार लाखांना. कडा कशा, पात्याने उतरवल्यासारख्या. पुढे हात बदलत बदलत 2007 मध्ये ते ॲरिझोनाच्या बेसबॉल संघाच्या मालकाकडे गेलं, 28 लाखांना. आणि 2013 मध्ये बिल मॅस्ट्रो नावाच्या बड्या लिलाववाल्याने कोर्टात कबूल केलं, की त्या कडा मीच कापल्या होत्या. फसवणुकीपायी तुरुंगातही गेला तो."

"कापल्या तर काय बिघडलं? नीटनेटकं झालं."

"तोच तर गुन्हा, काकू! हे कार्ड तपासणाऱ्या कंपन्या असतात. कोपरे, कडा, चित्र मधोमध आलंय का, वरचा तुकतुकीतपणा, सगळं भिंगाखाली बघतात, प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात आणि दहापैकी गुण देतात. कोपरा किंचित मऊ झाला की गुण गेले, गुण गेले की पैसे गेले. आता कोपऱ्यावरच्याचा ॲरन घ्या. पाच गुणांचा आहे. डावीकडचा वरचा कोपरा जरा झिजलाय, मागे फिकट डाग. तेच आठ गुणांचं असतं तर..."

"थांब. डावीकडचा वरचा कोपरा?"

"हो... म्हणजे तसं म्हणतात."

"तिने दाखवलं तुला कार्ड?"

"छे, ती कुठली दाखवते! ती त्याला हात लावायला तयार नाही."

"आणि रोख दिले म्हणालीस. इथे कोथिंबिरीच्या जुडीला लोक कार्ड घासतात, दुकानात चार हजार रोख कोण मोजतं? म्हणजे माणसाकडून घेतलं. खरं सांग, तुमच्याच घरातून गेलं ना ते?"

"हळू हो, काकू! तिची खिडकी उघडी आहे. आमच्या ह्यानेच विकलं. पण तोच मागे लागला होता, येता-जाता विचारायचा. बायकोला शंभर डॉलर सांगेल हे आम्हाला काय माहीत!"

"तुम्हाला केवढ्याला पडलं होतं?"

"तीन हजारांना."

"म्हणजे हजार सुटले. बरं झालं की, घरातली ब्याद गेली."

"गेली कुठली? त्या चार हजारांत भर घालून दुसरं येणार आहे."

"असं का! म्हणजे तिचं भांडण काल झालं, तुझं व्हायचंय."

"काय सांगू? मी तोंड उघडलं की हा शर्टाचं उदाहरण देतो. बेब रूथचा शर्ट. 2024 च्या ऑगस्टमध्ये डॅलसच्या हेरिटेज लिलावात 2 कोटी 41 लाख 20 हजार डॉलर! रुपयांत दोनशे कोटींच्या वर. कुठल्याही खेळातल्या कुठल्याही वस्तूला तोवर एवढी किंमत आली नव्हती."

"शर्ट धुतलेला होता का?"

"काकू!"

"हसतेस काय? दुसऱ्याचा अंगातला शर्ट घरात आणायचा तर पहिला प्रश्न तोच."

"अहो, जुना मळ हाच पुरावा असतो. धुवून वर इस्त्री केली तर लोक रडतील. जुने फोटो घेऊन बसतात, छातीवरची अक्षरं शिवणीला कुठे भिडतात, बटणं कुठे येतात, ते एकेक जुळवून बघतात. हा शर्ट 1932 च्या वर्ल्ड सिरीजमधला, शिकागोतल्या तिसऱ्या सामन्यातला. रूथने म्हणे भर मैदानात बोट दाखवलं, की आता चेंडू तिकडे धाडतो, आणि तिकडेच धाडला. होमरन! आता ते बोट मैदानाबाहेर दाखवलं, की समोरच्या संघातल्या डिवचणाऱ्यांना दाखवलं, यावर लोक अजून भांडतात. 2005 मध्ये हाच शर्ट 9 लाख 40 हजारांना गेला होता. मध्ये फोटोंशी ताळा पक्का झाला आणि किंमत पंचवीस पटींच्या वर गेली."

"म्हणजे दोनशे कोटी शर्टाचे नाहीत, बोटाचे. आणि ते दाखवलं की नाही तेही ठरलेलं नाही. धन्य आहे."

"शर्ट निदान जुळवता तरी येतो. सह्यांचं तर विचारूच नका. नव्वदच्या दशकात एफबीआयने खोट्या सह्यांचं मोठं रॅकेट उघडं पाडलं, ऑपरेशन बुलपेन नाव होतं त्याचं. त्या मालात काय काय निघालं असेल? मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल!"

"मदर तेरेसा? आपल्या कलकत्त्याच्या?"

"त्याच."

"त्या बाई काय सकाळी रुग्णांची सेवा आणि दुपारी बॅट घेऊन उभ्या राहायच्या? घेणाऱ्याला तरी अक्कल नको?"

"तेव्हापासून लीगवाले शहाणे झाले. 2001 पासून सामन्यातच माणूस बसवतात, पुष्कळदा माजी पोलीस. चेंडू बाजूला काढला की तिथल्या तिथे होलोग्रामचा स्टिकर. तो स्टिकर नसेल तर कितीही कंठशोष करा. आणि चेंडूंचे भाव ऐका. 1998 मध्ये मार्क मॅग्वायरने सत्तरावा होमरन मारला, तो चेंडू टॉड मॅकफार्लेन नावाच्या कॉमिक्सवाल्याने 30 लाख डॉलरना घेतला. तीन वर्षांत बॅरी बाँड्सने 73 मारले. पुढे मॅग्वायरने कबूल केलं, की मी स्टेरॉइड घ्यायचो. झालं, त्या चेंडूची रया गेली."

"आणि त्या त्र्याहत्तराव्या चेंडूचं काय?"

"तो प्रेक्षकांत गेला. एकाच्या ग्लोव्हजमध्ये आला, पण लोक तुटून पडले, तो खाली चेपला गेला आणि चेंडू दुसऱ्याच्या हाती. दोघे कोर्टात. खटला चालला, साक्षी-पुरावे झाले, आणि न्यायाधीशांनी सांगितलं, चेंडू विका आणि अर्धे-अर्धे वाटून घ्या. 2003 मध्ये विकला तर आले साडेचार लाख. घेणारा पुन्हा तोच कॉमिक्सवाला! आणि पहिल्या माणसाच्या वकिलाचं बिलच त्याच्या वाट्याहून जास्त."

"चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. आपल्याकडे शेताच्या बांधावरून चालतात तसले खटले. बांध निदान जाग्यावर तरी राहतो. बरं, आपल्या धोनीने वानखेडेवर तो षटकार मारला, त्या बॅटचं काय झालं?"

"लंडनच्या लिलावात गेली त्याच वर्षी, लाख पौंडांना. घेणारी कंपनी भारतातलीच."

"बास? वर्ल्ड कप जिंकून दिलेली बॅट लाख पौंडांत, आणि इथे ओळखीपाळखीचा नसलेला चेंडू...?"

"ओहतानीचा चेंडू ऐकला नाहीत अजून. तो जपानी खेळाडू हो. 2024 मध्ये एकाच मोसमात पन्नास होमरन आणि पन्नास बेस चोरले, असं कोणालाच जमलं नव्हतं. त्या पन्नासाव्या होमरनचा चेंडू 43 लाख 92 हजारांना तैवानच्या एका कंपनीने नेला."

"चोरायचं आणि वर कौतुक?"

"बेस चोरणं म्हणजे खेळातलं, काकू. जाऊ दे. पण सगळ्यांत मला नवल वाटतं ते कवळीचं. टाय कॉब म्हणून जुना, भांडकुदळ खेळाडू. त्याची कवळी 1999 मध्ये सदबीजच्या लिलावात 7,475 डॉलरना विकली गेली."

"शी! दात?"

"दात. ज्याच्या संग्रहातली होती तो बॅरी हॅल्पर इथलाच, लिव्हिंग्स्टनचा. घरात त्याने ड्रायक्लीनरकडे असतो तसला फिरता रॅक बसवला होता, बटण दाबलं की जुन्या खेळाडूंचे शर्ट समोरून फिरायचे. त्यांतले काही पुढे बनावट निघाले."

"दात तरी खरे होते ना?"

"खोटेच असतात की कवळीचे. पण कॉबचे होते. आता एक शेवटचं सांगते, मग जाते. शिकागोच्या कब्ज संघाने 1908 पासून अजिंक्यपद पाहिलं नव्हतं. 2003 मध्ये अगदी दाराशी आले, आणि एका प्रेक्षकाचा हात चेंडूला लागला. झेल गेला, सामना गेला, सगळंच गेलं. गावाने त्या चेंडूला पनवती ठरवलं. तिथल्या हॅरी केरीज रेस्टॉरंटवाल्यांनी तो लिलावात घेतला. किती? 1 लाख 13 हजार 824 डॉलर."

"आणि काचेत ठेवला."

"सुरुंग लावून उडवला! 2004 च्या फेब्रुवारीत, लोकांसमोर, टीव्हीवर. आणि पुढच्या वर्षी त्याचे अवशेष उकळले, ती वाफ धरून गार केली आणि पास्त्याच्या सॉसमध्ये घातली. लोकांनी रांगा लावून खाल्ला."

"एक मिनिट. हा चेंडू असतो कशाचा?"

"आत लोकर, दोरा. वरून... गाईचं कातडं."

"राम राम राम! आणि सॉसमध्ये? आता बाहेर जेवायला गेलो की मी पास्त्याला शिवायची नाही, सांगून ठेवते."

"अहो, तो 2005 मधला सॉस. शिकागोतला."

"असू दे. पनवती गेली का पण? जिंकले का ते?"

"जिंकले. 2016 मध्ये, 108 वर्षांनी."

"म्हणजे सॉसनंतर अकरा वर्षांनी. गुण यायला वेळच लागला म्हणायचा. जा, लेकाने हाक मारलीन्."