मी अजून त्यातच आहे

सिनेमा संपून दिवे लागले की माणसं उठतात. चपला चाचपतात, मोबाइल सुरू करतात, शेजारच्याला 'चला' म्हणतात. हा उठत नाही. पडद्यावर आता काही नाही हे त्यालाही दिसत असतं, पण त्या कोऱ्या पडद्याकडे तो मघाच्याच गांभीर्यानं बघत राहतो. (मघाशीही पडद्यावर फारसं काही नव्हतं, हा मुद्दा वेगळा.) झाडूवाला पायाशी येऊन थांबला की पाय उचलतो, नजर हलवत नाही. बाहेर कट्ट्यावर कुणी 'कसा होता रे?' विचारलं, तर खालचा ओठ जरासा चावून सांगतो, "मी अजून त्यातच आहे."

पुण्यात लॉ कॉलेज रस्ता आणि प्रभात रस्ता यांच्या टापूत ही जमात विपुल. वय विशीच्या आसपास, अंगात आजोबांच्या कपाटातून काढल्यासारखा सदरा, खांद्याला कुठल्याशा महोत्सवाची कापडी पिशवी, पिशवीत बिनरेघी वही. माझ्या अगदी जवळून पाहण्यातला नमुना म्हणजे आमचा पुतण्या. घरात त्याला बाळ्या म्हणतात, आणि हल्ली त्याला ते सोसत नाही.

बाळ्याच्या कॉलेजात प्रायोगिक चित्रपट आणि दृश्यकला असा एक पेपर आहे. जे जे बघितलं त्या प्रत्येकावर एक पान 'वैयक्तिक प्रतिसाद' लिहायचा. सूचना तीन : कथा सांगू नये, आवडलं-नावडलं लिहू नये, आणि स्वतःला जे वाटलं तेच लिहावं. या तिन्ही सूचना एकदम पाळून दाखवणाऱ्याला माझ्या मते थेट पदवीच द्यायला हवी. पेपर मराठीतून लिहिणारा बाळ्या वर्गात एकटाच, त्यामुळे तिथं त्यालाही प्रायोगिक समजतात. शुद्धलेखन तपासायला ती वही माझ्याकडे येते, म्हणून हे सगळं मला ठाऊक.

मायकल स्नो नावाच्या कॅनडाच्या कलावंताची 'वेव्हलेंग्थ' ही १९६७ची फिल्म घ्या. ४५ मिनिटांची. न्यूयॉर्कमधली एक लांबलचक खोली, समोरच्या भिंतीला खिडक्या, खिडक्यांच्या मध्ये समुद्राच्या लाटांचा एक फोटो. खोलीच्या अलीकडच्या टोकाहून कॅमेऱ्याचा झूम त्या फोटोपर्यंत जाऊन पोचतो. झालं. वाटेत एक माणूस आत येऊन जमिनीवर कोसळतो. कॅमेरा त्याची विचारपूसही न करता पुढे सरकतो. सोबतीला एक यांत्रिक सूर, आधी घुमणारा, मग चढत चढत कानात शिरणारा. बाळ्या हे लॅपटॉपवर, स्पीकर लावून बघत होता. थोड्या वेळानं वहिनी 'मिक्सर कुणी चालू ठेवलाय?' म्हणत आल्या. आणखी थोड्या वेळानं शेजारचे काका बेल वाजवून 'तुमच्या पंपानं हवा धरलीय का?' असं विचारून गेले. वहीत नोंद : 'ध्वनी प्रेक्षकाच्या घरात घुसखोरी करतो.' या वाक्याला मी हात लावला नाही. ते शब्दशः खरं होतं.

अँडी वॉरहॉलची 'एम्पायर' त्याहून दांडगी. १९६४ सालची, ८ तास ५ मिनिटांची. एम्पायर स्टेट बिल्डिंग, एकाच जागेवरून. सुरुवातीला अंधार पडतो आणि इमारतीवरचे दिवे लागतात. शेवटाकडे ते विझतात. मधल्या काळात प्रेक्षकाचं जे होईल ते. बाळ्यानं तिचा एक तुकडाच पाहिलाय, पण सांगताना 'मी एम्पायर केली' असं म्हणतो, चारधाम केल्याच्या सुरात.

कंटाळा आला, असं मात्र हा विद्यार्थी मरेपर्यंत म्हणणार नाही. वही वाचून वाचून त्याची लिपी मला उलगडायला लागली आहे. 'काळाची घनता जाणवली' म्हणजे कंटाळा. 'स्वप्न आणि पडदा यांतली सीमा पुसट झाली' म्हणजे डुलकी लागली. 'स्वतःच्या शरीराचं तीव्र भान आलं' म्हणजे खुर्ची मोडकी होती किंवा डास होते, बहुधा दोन्ही. एकदा 'आतून एक रिक्तता' असंही वाचलं. त्या दिवशी तो डबा न्यायला विसरला होता.

शिवाय जे बघितलं ते अंगात भिनतं. मणी कौल यांच्या 'उसकी रोटी'मध्ये पात्रं सपाट आवाजात, मध्ये मोठाल्या फटी सोडून, समोरच्याकडे न बघता बोलतात. ती बघून आल्यावर घरात काही दिवस बाळ्याशी बोलणं अशक्य झालं. वहिनी विचारायच्या, "चहा घेणार का?" बाळ्या भिंतीकडे बघायचा. दूध उतू जायच्या बेतात यायचं. मग भिंतीला उत्तर मिळायचं, "घेईन." तोवर वहिनींनी तो दादाला देऊनही टाकलेला असे.

पण त्याचं खरं प्रेम आहे ते आता बघताच येणार नाहीत अशा गोष्टींवर. जहांगीर आर्ट गॅलरीतलं 'समोवार' हे उपाहारगृह २०१५ साली बंद झालं, तेव्हा हा प्राथमिक शाळेत होता. आज मात्र काळ्या घोड्याला उतरला की 'समोवार गेलं आणि मुंबईतली संभाषणं संपली' असं हमखास सुस्कारतो. अकबर पदमसी यांनी १९६९च्या सुमारास 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर' नावाची छोटी फिल्म केली होती. आपल्याच एका निसर्गचित्रावर प्रकाशाचे खेळ करून ती घडवली होती. तिची एकुलती एक प्रिंट हरवली. पुढे २०१६ मध्ये आशिम अहलुवालियांनी तिचा माग काढत त्याच नावाची फिल्म केली, ती सुंदर आहे. पण बाळ्याचा जीव मूळच्या हरवलेलीवर. वहीतला सर्वांत लांब प्रतिसाद तिच्यावरच आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तोच सर्वांत ओघवता उतरलाय. मध्ये फिल्म आडवी येत नाही ना.

आमच्या पिढीची गंमत त्याला पटत नाही. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट तेव्हा थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी सक्तीनं दाखवत. त्याच सरकारी खात्यात प्रमोद पतींसारखा माणूस 'एक्सप्लोरर'सारखी भन्नाट फिल्म करत होता. तिथंच चित्रकार हुसेन यांनी 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' केली; राजस्थानातली माणसं, छत्री, कंदील, जोडा, आणि निवेदन नाही. १९६७ साली बर्लिनला तिला लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाला! पण थिएटरात डिव्हिजनचं बोधचिन्ह दिसलं रे दिसलं की निम्मं पब्लिक सिगारेटला बाहेर आणि उरलेलं शेंगदाण्याच्या पुड्या सोडण्यात दंग. आता त्याच फिल्मा हा फिल्म अर्काइव्हच्या अंधारात श्वास रोखून बघतो. "तुम्ही लोकांनी हे सगळं फुकट घालवलंत, काका," असं मला सुनावतो. मी शेंगदाण्यांबद्दल बोलत नाही.

आणि त्याची नुसती टिंगल करून भागणार नाही. वीस जणांनी सुरू झालेल्या खेळाच्या अखेरीस जे चार-पाच उरतात, त्यांत तो असतो. एकदा मला बळेच मुंबईला एका संग्रहालयात घेऊन गेला. समोर वासुदेव गायतोंडे. रोलरनं आणि पॅलेट नाइफनं रंगाचे थर चढवत, खरवडत केलेलं चित्र. नाव नाही, ओळखीचा आकार नाही, उजेड मात्र आहे, आणि तो कुठून येतो ते सापडत नाही. नेहमीचे सगळे सोपस्कार बाळ्यानं केले : तीन पावलं मागे, मान तिरपी, डोळे बारीक. मग ते सगळं गळून पडलं आणि तो नुसता उभा राहिला. वहीत त्या पानावर 'परत यायचं' एवढंच लिहिलंय. त्याला दहापैकी चार मार्क मिळाले.

वहिनींचा आणि या कलेचा संबंध आला तो शांताल आकरमान यांच्या 'जान दिएलमान'मुळे. १९७५ची, २०१ मिनिटांची फिल्म. २०२२ साली 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश मासिकानं जगभरच्या जाणकारांचा कौल घेतला, तेव्हा ती आजवरच्या सगळ्या सिनेमांत पहिली आली. ब्रसेल्समधली एक विधवा, शाळकरी मुलगा, तीन दिवस. ती बटाटे सोलते, कॉफी करते, अंथरूण आवरते. दुपारी तिच्याकडे पैसे देऊन माणूस येतो. खोलीचं दार लागतं आणि कॅमेरा सभ्यपणे बाहेर पॅसेजमध्ये थांबतो. (याच वेळी बाळ्याला तहान लागली.) वहिनी शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. मेथी झाली, गवार झाली, लसूण घेतला. दुसऱ्या दिवसाचा माणूस गेला, बाईनं पैसे टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात टाकले आणि ती स्वयंपाकघराकडे वळली.

"झाकण राहिलं," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"भांड्यावर झाकण ठेवलं नाही तिनं. काल ठेवलं होतं. आणि केस बघ. बटाटे गेले आता."

बटाटे गेलेच होते. पार शिजून गाळ झालेले. ती बाई ते पातेलं हातात घेऊन घरभर हिंडायला लागली, आणि वहिनींच्या हातातला लसूण थांबला. "भाऊजी, हिचं काहीतरी बिनसलंय. ही आता काहीतरी करणार बघा." बाळ्याचा चेहरा उतरला, शेवट त्यानं आधीच वाचलेला होता. तो मी इथं सांगत नाही. संपल्यावर वहिनींनी एवढंच विचारलं, "त्या मुलाला एकदा तरी स्वतःचं ताट उचलून ठेवायला काय झालं होतं?" बाळ्यानं हे वहीत 'प्रेक्षकाचा हस्तक्षेप' म्हणून नोंदवलं. त्याचा कप तिथंच होता.

प्रतिसादात 'गृहश्रम', 'स्थिर चौकट', 'काळाचं राजकारण' सगळं व्यवस्थित आलं होतं, झाकण नव्हतं. मी म्हटलं, "अरे, आईनं पकडलं ते घाल की." तो म्हणाला, "काका, ती कथा झाली. कथा सांगायची नाहीये."

यंदा त्यानं स्वतःच फिल्म केली. नाव 'अनटायटल्ड (टाकी)'. सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची काळी टाकी, एकाच कोनातून, १९ मिनिटं. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात सेक्रेटरींनी ती लहान मुलांचा नाच आणि संगीत खुर्ची यांच्या मधल्या जागेत बसवली, कारण खुर्च्या मांडायला तेवढा वेळ लागतोच. आधी 'सुरू झालं का?', मग 'अडकलंय वाटतं', मग नेहमीच्या गप्पा. टाकीवर कावळा बसला, उडाला. मुलं त्याला हसली. आणि एकाएकी चौथ्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, "अहो, ओव्हरफ्लो वाहतोय!"

सगळा मांडव पुढे झुकला. "मागे घे, मागे घे!" बाळ्यानं मागे घेतली. "थांबव! हे बघा, इथून." पंप किती वाजता बंद व्हायला हवा होता, वॉचमन कुठं होता, ए विंगला दुपारी पाणी का नसतं, टाकीचा बॉल कॉक कुणाच्या कारकिर्दीत बदलला, अशी चर्चा पेटली. एक निवृत्त इंजिनिअर पडद्याजवळ जाऊन धारेची जाडी बोटानं मापू लागले. फिल्म पहिल्यापासून पुन्हा लावावी लागली, आणि या खेपेला कुणी हूं की चूं केलं नाही. संगीत खुर्ची रद्द झाली.

बाळ्या प्रोजेक्टरपाशी उभा होता. हे सगळं त्यानंच टिपलं होतं, आठवडाभर संगणकावर तेच दृश्य पुन्हा पुन्हा बघत बसला होता. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाला, "मला तो प्रकाश वाटला होता, काका."

दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली : बी विंगच्या टाकीचं चित्रीकरण रविवारी सकाळी सात वाजता होईल, सभासदांनी नळ नेहमीप्रमाणे वापरावेत. मी एकच गोष्ट दोनदा करत नाही, असं बाळ्यानं सेक्रेटरींना आधी ठणकावलं. आता वेळेवरून बोलणी चालू आहेत. त्याला उजेड साडेसहाचा हवाय, आणि पंप सातशिवाय सुरू होत नाही.