चौथं चाक रजेवर

पुतण्याची स्पोर्ट्स कार दोनच माणसांची. त्यामुळे सहलीला त्याच्याबरोबर कोण जाणार, या प्रश्नावर अटलांटाच्या त्याच्या स्वयंपाकघरात दोन दिवस खल झाला. शेवटी आमच्या हिनेच तो निकालात काढला. "त्या पाटावर बसायला मी गुडघे कुठून आणू?" गाडी खरोखरच पाटाइतकी खाली. मी आधी बूड टेकवलं, मग हाताने धरून एकेक पाय आत घेतला. समोर कप ठेवायच्या खाचेत एक काळी चिमुकली क्लिप पडली होती, रबर लावलेली. बँकेत तीस वर्षं काढलेला माणूस बेवारस वस्तू पाहून गप्प बसत नाही. मी ती खिशात टाकली.

बेत 'टेल ऑफ द ड्रॅगन'चा होता. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या हद्दीवर हायवे 129 चा हा तुकडा. 11 मैलांत 318 वळणं. मोटारसायकलवाले आणि स्पोर्ट्स कारवाले लांबलांबून इथे येतात ते फक्त वळायला, पोचायचं कुठेच नसतं. साताऱ्याच्या माणसाला याचं काय अप्रूप? पसरणी घाट आम्ही एसटीच्या शेवटच्या बाकावर, मांडीवर स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन उतरलोय, आणि तेही पोचण्यासाठी.

जॉर्जियातली नील्स गॅप नावाची खिंड लागली आणि पाऊस सुरू झाला. डाव्या वळणावर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. गाडीचं चित्र आणि तिच्यामागे दोन नागमोडी शेपट्या. पाठोपाठ दुसरा, मग तिसरा.

"एबीएस, ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी," पुतण्या म्हणाला. "तिन्ही गेले, काका."

"गेले म्हणजे? कुठे गेले?"

मग त्याने गाडी चालवता चालवता मला शिकवायला घेतलं. हा गुण आमच्या घराण्यातलाच. चारही चाकांवर एकेक सेन्सर, चाक किती वेगाने फिरतंय ते सांगणारा. स्टिअरिंग किती वळलंय ते सांगणारा आणखी एक. गाडी स्वतःभोवती किती फिरतेय ते सांगणारा वेगळाच. ड्रायव्हरला कुठे जायचंय आणि गाडी कुठे चाललीय, याचा मेळ कॉम्प्युटर सतत घालत असतो. बसला नाही, की तो आपल्याला न विचारता एकाच चाकाचा ब्रेक दाबतो, इंजिनाचा जोर कमी करतो. स्टॅबिलिटीचं हे तंत्र सुचलं ते मर्सिडीजच्या फ्रँक-व्हर्नर मोन या इंजिनियरला, 1989 साली, स्वीडनच्या बर्फावरून घसरून गाडीसकट चरात गेल्यावर. 1995 मध्ये ते मर्सिडीजच्या महागड्या गाडीत आलं. 1997 मध्ये स्वीडनमधल्याच एका मासिकाने, रस्त्यात मूस हरीण आडवं आलं तर काय होईल हे बघायला मर्सिडीजची नवी छोटी गाडी गर्रकन वळवली, तर ती कलंडली. मग त्या छोट्या गाडीलाही ते बसवलं. अमेरिकेत तर 2012 च्या मॉडेलपासून सगळ्याच नव्या मोटारींना सक्तीचं झालं.

"आणि आपल्यात ते आत्ता बंद आहे?" मी मुद्द्यावर आलो.

उत्तर गाडीने दिलं. ताकद सगळी मागच्या चाकांना, इंजिन चारशे घोड्यांचं, रस्त्यावर ओली पानं. तिचा मागचा भाग लेझीम खेळल्यासारखा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेला. मी ज्या देवांना कित्येक वर्षांत नारळ दिला नव्हता, त्यांची नावं आपोआप आठवली.

खाली उतरून थांबलो. पुतण्याने गाडी बंद करून चालू केली. दिवे विझले. तो विजयी मुद्रेने निघाला आणि पुढच्याच डाव्या वळणावर तिघेही परत हजर. आमची जुनी स्कूटर अशा वेळी आडवी करून पुन्हा उभी करायचो. मी तसं सुचवलं. त्याने ऐकलं नसल्याचं दाखवलं.

ब्लेअर्सव्हिल गावात स्पेअर पार्टच्या दुकानातल्या मुलाने फुकटात छोटं यंत्र जोडून दिलं आणि "काही दोष नाही" म्हणून जाहीर केलं. ते यंत्र फक्त इंजिनाचं दुखणं वाचणारं होतं. चाकांचं खातं वेगळं. पाय मोडलेल्या माणसाचे डोळे तपासून घरी पाठवावं, तसं आम्हाला पाठवलं.

खरा वैद्य गावाबाहेर भेटला. पत्र्याची शेड, गुडघ्याला ग्रीस, वय माझ्याएवढं. त्याने मोठा स्कॅनर लावला. कोड आला सी-0035, म्हणजे डावं पुढचं चाक. एवढ्यावर नवा सेन्सर विकून मोकळा होणारा माणूस नव्हता तो. त्याने पुतण्याला उतरवलं, स्कॅनर माझ्या मांडीवर ठेवला, आकडे मोठ्याने वाचायला सांगितलं आणि शेडमागच्या मोकळ्या जागेत गाडी फिरवू लागला. आकडे वाचणं हा माझा प्रांत. सरळ जाताना चारही चाकं ताशी 12 मैल. उजवीकडे वळताना थोडाफार फरक, तो चालायचाच, बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. डावीकडे स्टिअरिंग पूर्ण वळवलं: 10, 11, 10, शून्य. तीन चाकं कामावर आणि चौथं रजेवर!

आणि एका चाकाने तिन्ही दिवे का लागावेत? पूर्वी एकटा तलाठी रजेवर गेला की सातबारा, फेरफार, पीकपाहणी सगळंच अडायचं ना, तसं. तिन्ही खात्यांना माहिती चाकांचे सेन्सरच पुरवतात.

गाडी लिफ्टवर चढली. सेन्सरची वायर चाकामागे लोंबत होती. डावीकडे वळलं की ती ताणली जाई, टायरला घासे. वरचं आवरण सोललेलं, आतली तार एका धाग्यावर. म्हाताऱ्याने रिकाम्या भोकावर बोट ठेवलं. "इथे वायर धरणारी एक क्लिप असते. रबर लावलेली. ब्रेकचं काम कुणी केलं?"

पुतण्या छताकडे बघू लागला. गेल्या महिन्यात ब्रेक पॅड त्याने स्वतः, व्हिडिओ बघून, घरी बदलले होते. त्याचा फोटोही त्याने आम्हाला साताऱ्याला पाठवला होता. "गाडी मी अशीच घेतली," तो म्हणाला.

माझा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. परक्या मुलखात घराण्याची अब्रू वडीलधाऱ्यानेच राखायची असते.

म्हाताऱ्याने तार जोडली, वर नळी चढवली, स्वतःच्या डब्यातली नवी क्लिप ठोकली. मी पुन्हा आकडे वाचले. चारही चाकं हजर.

ड्रॅगनच्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर तोच पिवळा दिवा लुकलुकला आणि मी ओरडलो. "लुकलुकला म्हणजे काम करतोय, काका," पुतण्या म्हणाला. "न हलता पेटून राहिला, की संपावर." उरलेली तीनशे वळणं मी रस्त्याकडे न बघता त्या दिव्याकडेच बघत काढली. तो चौदा वेळा लुकलुकला. तेवढ्या वेळा पुतण्या चुकला, असा माझा हिशेब आहे.

ती जुनी क्लिप मी साताऱ्याला आणली. आमच्या वॉशिंग मशीनचा पाइप सध्या तिच्यात अडकवलाय. पुतण्याला अजून सांगितलेलं नाही.