जुन्या पत्त्याचा खर्च

मराठवाड्यातल्या माणसाला नाव बदलण्याचं फारसं अप्रूप राहिलेलं नाही. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. नांदेडच्या स्टेशनावर ‘हुजूर साहिब नांदेड’ अशी पाटी लागून जमाना लोटला, तरी तिकिटावरचा कोड एनईडी तो एनईडीच. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा निघाला, पण पिनकोड जुन्या घरचाच, ४१३ नं सुरू होणारा, घेऊन निघाला. शेजारचं नांदेड ४३१ वालं. पत्ता घालताना एक आणि तीन इकडचे तिकडे झाले की टपालखात्याची परीक्षा सुरू! एवढं सगळं पचवलेल्या मुलखात एका डाळीच्या व्यापाऱ्यानं ई-मेलचा डोमेन बदलायचा म्हटल्यावर आठवडाभर खल व्हावा, याचं म्हणूनच मला कौतुक वाटलं.

पेढी माझ्या मित्राची. मुख्य ऑफिस लातूरच्या मार्केट यार्डात, शाखा नांदेडला. दोघा भावांच्या नावानं चालायची. पुढे रीतसर आणि गोडीगुलाबीनं वाटण्या झाल्या. गोदाम, ट्रक, वजनकाटा, अगदी ऑफिसातला कूलरसुद्धा यादीत चढला. ई-मेलचा पत्ता मात्र कुणाच्या ध्यानातच आला नाही. पेढीचं नाव बदललं तेव्हा कळलं, की जुन्या डोमेनमध्ये दोघांचीही नावं आहेत आणि तो मधोमध कापता येत नाही.

पुण्याहून शिकून आलेल्या मुलाला यात काहीच अवघड दिसेना. “आबा, नवा डोमेन घेतलाय. कार्डं छापायला टाका.”

“अन् जुन्यावर कुणी लिहिलं तर?”

“कळवून टाकू की सगळ्यांना.”

“सगळ्यांना म्हंजे कुणाकुणाला? यादी हाय का तुझ्याकडं?”

मुलगा गप्प. यादी कुणाकडेच नव्हती. आपला पत्ता कुणाकुणाकडे आहे, हे आपल्याला ठाऊक असतं अशी आपली एक गोड समजूत असते. प्रत्यक्षात तो कुठल्या डायरीत, कुठल्या बिलाच्या पाठीवर, कुणाच्या मोबाइलमध्ये ‘लातूर डाळवाले’ या नावाखाली जाऊन बसलेला असतो, ते ब्रह्मदेवालाही माहीत नसतं. उदगीरचे एक जुने गिऱ्हाईक तर नवी मेल लिहीतच नाहीत. चार-पाच वर्षांपूर्वीची एखादी मेल उघडतात, ‘उत्तर द्या’ दाबतात आणि तुरीचा आजचा भाव विचारतात. विषयाच्या जागी अजून तेव्हाच्या हरभऱ्याची थकबाकी असते. अशा माणसाला पत्ता बदलल्याचं कळवून उपयोग काय? तो पत्ता वाचतो कुठे!

शेवटी मुलानं नीट बेत आखला. जुना डोमेन सोडायचा नाही. दोन्ही डोमेन एकाच मेलसेवेला जोडायचे, दोन्हींचे एमएक्स रेकॉर्ड तिकडेच वळवायचे आणि प्रत्येकाच्या पेटीला जुना पत्ता उपनाम म्हणून लावायचा. लातूरकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. कुठूनही आत शिरा, पोचता गोलाईतच. उत्तर मात्र नव्या पत्त्यावरून जाईल, म्हणजे लोकांना हळूहळू सवय होईल. दोन्ही डोमेनचे एसपीएफ रेकॉर्डही त्यानं नीट तपासून घेतले, नाहीतर आपलंच बिल आपल्याच गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडायचं. टेबलावर जुन्या लेटरहेडचा गठ्ठा होता. त्यावरचा पत्ता मुनीमजी पट्टी लावून लाल शाईनं खोडत आणि खाली नवा लिहीत. जुना वाचता येईल इतपतच खोडत.

या भागात अशी बदली आधी एकदा फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेली आहे. हैदराबाद स्टेट बँक १९४१ च्या कायद्यानं, निजामाच्या अमदानीत स्थापन झाली. १९५६ साली तिची स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ ला ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. शाखांच्या मेलपत्त्याचं शेपूट बदललं, आयएफएससीतल्या एसबीएचवायच्या जागी एसबीआयएन आलं, पुढचे आकडे मात्र बहुतेक ठिकाणी तेच राहिले. नांदेड-लातूरची जुनी खातेदार मंडळी अजूनही ‘हैदराबाद बँकेत जाऊन येतो’ म्हणून घरातून निघतात आणि बरोबर ठिकाणी पोचतात.

त्याच्याही मागं जायचं तर हाली सिक्का आहे. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आलं, पण निजामाचं नाणं त्या दिवशी कुणी गोदावरीत फेकून दिलं नाही. पुढं काही वर्षं हाली आणि कलदार, म्हणजे भारत सरकारचा रुपया, बाजारात शेजारी शेजारी चालले. साधारण सात हालीला सहा कलदार. राज्य बदललं म्हणून म्हातारीच्या गाठोड्यातला पैसा खोटा ठरत नाही, एवढं भान तेव्हाच्या कारभाराला होतं. हॉटमेलनंही पुढे हेच केलं. मायक्रोसॉफ्टनं आउटलुक आणलं, घराची पाटी बदलली, पण हॉटमेलचे जुने पत्ते चालू ठेवले.

मला वाटतं, नवा पत्ता आपला असतो. जुना पत्ता मात्र तो लक्षात ठेवणाऱ्यांचा असतो. आपण फक्त त्याचं भाडं भरायचं. आणि न भरून चालत नाही, कारण मुदत संपलेला डोमेन दुसरा कुणीही विकत घेऊ शकतो. मग बँकेचं, जीएसटीचं, जिथं जिथं तो पत्ता दिलेला आहे तिथलं सगळं टपाल, ओटीपीसकट, त्या अनोळखी माणसाच्या दारात जाऊन पडतं. वाटणीत विसरलेल्या वस्तूचा असा सूड!

आता पेढीत दरवर्षी जुन्या डोमेनचं नूतनीकरण होतं. पैसे भरतो हा भाऊ, पण त्या पत्त्यावर अधूनमधून दुसऱ्या भावाचंही टपाल येतं आणि ते बिनबोभाट त्याच्याकडे पोचतं केलं जातं. मुनीमजींनी पहिल्या वर्षी हा खर्च धर्मादाय खात्यात टाकला. सीएंनी खोडून तो व्यवसायखर्चात घातला. कायद्यानं सीएंचं बरोबर असेल. माझं मत मुनीमजींना.